पोटावरचे मुख

नाचणगावच्या आमच्या घरात दुखण्याला नाव नसे; ‘पोट बिघडलंय’ एवढ्यावर भागे. दादाची रक्ती आव आम्ही दोन वर्षे तशीच निभावली. नागपूरला निदान झाले ते अल्सरेटिव्ह कोलायटिसचे. आजार औषधांना दाद देईना, म्हणून मोठे आतडे काढावे लागले. लहान आतड्याचे टोक पोटावर आणून त्यावर पिशवी चिकटवली.

क्रोनचे दुखणे असते, तर ते शस्त्रक्रियेनंतरही परतू शकले असते. इथे मात्र रक्त जाणे थांबले. दादा वाचला, पण पंगतीला बसेना.

त्या छिद्राला डॉक्टर ‘स्टोमा’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड. आम्ही धाकटी भावंडे मराठी शिकवणारी. पण शेजाऱ्यांनी विचारले की ‘ऑपरेशन झालं’ म्हणून गप्प होत असू. ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये हे टोक उलटे दुमडून शिवण्याची रीत मांडली, तेव्हा भोवतालची कातडी सोलवटणे कमी झाले. १९७८ मध्ये पार्क्स व निकोल्स यांनी लहान आतड्याचीच पिशवी पोटात रचून दाखवली. शल्यविद्या एवढी पुढे गेली होती. आम्हांला साधा शब्द सापडत नव्हता.

एके सकाळी दादाचा हात थरथरला, तेव्हा आईने ओले फडके घेतले आणि त्या लाल कडा हलकेच पुसल्या. म्हणाली, “लेकराचं तोंड पुसतो नं, तसंच हाय हे.”

ग्रीक तिला ठाऊक नव्हते. त्या पोळ्याला दादा पंगतीत बसला.