चक्कीच्या पायाचा तडा



पिठाची मर्यादा आपण पाळतोच: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. म्हणजे चातुर्मासात चक्कीला सुट्टी नाही. आमच्याकडे सासूबाईंची हाताने फिरवायची बिडाची चक्की आहे, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची. यंदा संघ गावात यायचा होता, चौका लावायचं ठरलं होतं, आणि आठ दिवस आधी चक्कीच्या पायाला स्क्रूजवळच तडा गेला. दांडा फिरवला की चक्की कलायची.

जाऊबाई म्हणाल्या, "भग्न वस्तू चौक्यात कशाला? नवीन आणा." भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत हे खरं, पण चक्की म्हणजे मूर्ती नव्हे. तडा पायाला होता, तिथे ना धान्य लागतं ना पीठ. दळणाच्या भागाला गेला असता तर मीच नको म्हटलं असतं. सांध्यात पीठ अडकतं आणि जीव पडतात.

आमचे हे निवृत्त फिटर. परसात पत्र्याची शेड आहे, तिथे त्यांचा सगळा संसार. त्यांनी सांगितलं, बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, म्हणून ते वाकत नाही, सरळ तडकतं. साध्या रॉडने वेल्डिंग केलं तर जोडाशेजारचं बीड कडक होतं आणि गार होताना तिथेच नवा तडा जातो. त्यासाठी निकेलचा रॉड हवा. तो महाग, पण सुटा मिळतो. दोन आणले. नव्या चक्कीच्या मानाने खर्च किरकोळच. बी.कॉम. झालेली मी, हे आधी पाहिलंच!

तडा दिसतो त्याहून लांब असतो. यांनी पायाला रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडू चोळला. आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ होऊन उमटलं. बोटभर वाटणारा तडा चांगला दीड बोट निघाला. त्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं छिद्र पाडलं, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग ग्राइंडरने तड्यावर व्ही आकाराची खाच केली.

माझी अट एकच, वेल्डिंग दिवसाउजेडी. पावसाळ्यात संध्याकाळी साध्या दिव्यावर किती पाकोळ्या येतात! वेल्डिंगच्या लखलखाटावर काय होईल? सकाळी मऊ केरसुणीने शेड झाडली, कानाकोपरा नीट पाहिला, मगच मशीन सुरू झालं.

एका वेळी फक्त इंचभर टाका. गरम आहे तोवर त्यावर हातोडीने हलके ठोके. मग हात ठेवता येईल इतकं गार होईपर्यंत थांबायचं, पाणी ओतायचं नाही. तेवढ्यात माझी णमोकाराची एक माळ व्हायची. असे पाच टाके. यांना एरवी दम नसतो, चहासुद्धा लगेच लागतो, पण त्या दिवशी एकदाही घाई नाही.

दुसऱ्या दिवशी चक्की उकळत्या पाण्याने धुऊन वाळवली, मूठभर गहू दळून ते पीठ बाजूला काढलं. चक्की हलली नाही. चौक्याचं सगळं पीठ तिच्यावरच निघालं, आणि दळायला जाऊबाईच बसल्या.

"जोडावर रंग मारू का?" यांनी विचारलं. मी नको म्हटलं. तडा पुन्हा वाढलाच तर दिसायला हवा.