खालच्या ओळी

गुरुवार, 25 सप्टेंबर 2025, धूलकोट

सोमवारी घट बसले आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. शाळेत तीन दिवस दुसरा विषय नाही. आम्हाला गाडी घ्यायचीच आहे. आईंना महिन्यातून दोनदा बुऱ्हाणपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. पावसाळ्यात रपट्यावर पाणी आलं की भाड्याची जीप येत नाही, आली तर अठराशे मागते. म्हणून उंच, दणकट गाडी, चार मीटरच्या आतली, डिझेलची.

ऑगस्टमध्ये विचारून ठेवलेली किंमत वहीत आहे: एक्स-शोरूम 10,43,000. तेव्हा अशा गाडीवर 28 टक्के जीएसटी आणि 3 टक्के सेस, मिळून 31 होते. आता सेस गेला, कर 18 टक्के. अट एवढीच की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत. पेट्रोलला मर्यादा 1200 सीसीची. त्यापुढच्या गाड्यांना सरसकट 40.

आज आठवीला हेच गणित घातलं. बहुतेकांनी 31 मधून 18 वजा केले आणि 10,43,000 चे 13 टक्के कापून 9,07,410 काढले. मागच्या बाकावरची बारेल्यांची मुलगी म्हणाली, पहिल्यांदा कराच्या आधीची किंमत शोधावी लागेल. बरोबर. 1.31 ने भागलं की 7,96,183, त्याला 1.18 ने गुणलं की 9,39,496. तिला फळ्याजवळ बोलावलं तर लाजली, पण मांडणी चोख केली.

म्हणजे शोरूमने साधारण 9,39,500 सांगितले तर कर पूर्ण उतरवला. हा आकडा लाल पेनने चौकटीत लिहून ठेवला आहे.

गुरुवार, 2 ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झाल्यावर बापू ओट्यावर बसून बैलबाजाराच्या गोष्टी सांगत होते. दोन हात रुमालाखाली, बोटं धरायची, दाबायची, तोंडातून अवाक्षर नाही. शेजारी उभ्या असलेल्याला सौदा कळत नसे. बापू म्हणाले, ‘‘रुमालाखाली भाव लपायचा, पण भाव एकच राहायचा. बैल घेतला की दोरी हातात. वर काही नाही.’’

कापूस विकायला गेलं की मात्र वर बरंच काही असतं. तोलाई, हमाली, आणि माल ओला आहे म्हणून क्विंटलमागे कडता. बोलीचा भाव ऐकून घरी गणित करायचं आणि हातात पट्टी पडली की ते चुकलेलं असायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ही पट्टी मी ओळ न् ओळ वाचायला लागले, तेव्हा हे म्हणाले होते, सगळ्यांनाच लागतं ते. सगळ्यांनाच लागतं या शब्दांनी माझं कधीच समाधान झालं नाही.

रविवार, 5 ऑक्टोबर

शोरूम पाहून आलो. नाव लिहीत नाही. पोरगा हसतमुख, चहापाणी झालं. तो सगळा वेळ ह्यांच्याशी बोलत होता, वही माझ्या मांडीवर होती.

पहिलंच वाक्य, ‘‘सर, दिवाली ऑफर में सीधे एक लाख तीन हजार की छूट है.’’ नवी किंमत 9,39,500. माझ्या चौकटीतलीच. मी म्हटलं, भाऊ, ही सूट सरकारने कर कमी केल्याची आहे. ती तुम्ही इमानदारीने दिलीत, चांगलं केलंत. आता तुमची सूट सांगा. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मग कागद आला. तो तसाच उतरवून घेते. विमा 51,870. आरटीओ 1,06,500. हॅण्डलिंग 9,500. किट 12,500. वाढीव वॉरंटी 14,500. फास्टॅग 600. ऑन-रोड 11,34,970.

हे गाडीभोवती फिरून आले होते, डोळ्यांत गाडी भरली होती. बाहेर आल्यावर म्हणाले, किंमत तर ठीकच आहे ना? किंमत ठीक आहे. जे काही आहे ते खालच्या ओळींत आहे.

मंगळवार, 7 ऑक्टोबर

रात्री जेवणं झाल्यावर एकेक ओळ घेऊन बसले.

आरटीओ. आमच्या मध्य प्रदेशात दहा लाखांखालच्या डिझेल गाडीला आजीवन कर 10 टक्के, म्हणजे 93,950. नोंदणी शुल्क 600, कार्डाचे 200, कर्ज असल्याने बँकेचा बोजा चढवायचे 1,500. बेरीज 96,250. कागदावर 1,06,500. वरच्या 10,250 रुपयांना नाव नाही. नवी गाडी तपासायला आता आरटीओच्या मैदानावर न्यावी लागत नाही, डीलरच ऑनलाइन कर भरतो आणि पावती निघते. मग हे पैसे कुणाच्या धावपळीचे?

हॅण्डलिंग. मोटार वाहन कायद्यात हा शब्द मला कुठे सापडला नाही. कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च किमतीत धरलेला असतो. मंडीत हमाली कापतात तेव्हा निदान एक माणूस माझं पोतं पाठीवर घेऊन चाललेला मला दिसतो.

विमा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. थर्ड पार्टीचा दर सरकारने ठरवलेला आहे. 1000 ते 1500 सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे एकदम 10,640, वर 18 टक्के कर, म्हणजे 12,555. कोणत्याही कंपनीकडे जा, यात रुपया हलत नाही. 2018 च्या सप्टेंबरपासून हा तीन वर्षांचा विमा नव्या गाडीला सक्तीचा आहे. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तो एकच वर्षाचा घेता येतो आणि त्यातच झिरो डेप, इंजिन संरक्षण, किल्ली हरवण्याचं संरक्षण असं एकावर एक चढवलेलं असतं. झिरो डेप मला हवा आहे, किल्लीचा नको. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा माझ्याकडे वेगळा आहे, तो परत लावलेला दिसतो.

विमा शोरूममधूनच घ्या अशी जबरदस्ती डीलरला करता येत नाही. विमा नियामकाचे त्याबद्दलचे नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून आहेत. उद्या बुऱ्हाणपूरला सरकारी विमा कंपनीच्या शाखेतून लेखी आकडा घ्यायचा, गाडीची विमा किंमत तीच धरून. नाहीतर कमी किमतीचा विमा स्वस्त दिसतो आणि नुकसान झाल्यावर महागात पडतो.

रविवार, 12 ऑक्टोबर, रावेर

माहेरी. दादाचं म्हणणं, जळगावहून घे, माझ्या पत्त्यावर एमएच-19 करून टाकू. प्रेमाने म्हणाला, पण हे मी करणार नाही. गाडी जिथे राहते त्या राज्यातच नोंदवायची, असा कायदा आहे. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या डिझेल गाडीला कर 13 टक्के. तीन टक्के जास्त भरून वर खोटा पत्ता.

पण काल दादाच्या मोटरसायकलवर जळगावला जाऊन लेखी कोटेशन मात्र आणलं. तात्पुरत्या नोंदणीवर गाडी इकडे आणून बुऱ्हाणपूरचा एमपी-68 नंबर घेता येतो. त्यांच्या कागदावर कंपनीची सूट 15,000 लिहिली आहे आणि हॅण्डलिंगची ओळच नाही. तो कागद घडी न करता वहीत ठेवला.

शनिवार, 18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी

आज गाडी आली नाही. आईंनी सकाळीच हळदीकुंकवाचं ताट तयार ठेवलं होतं, मी काही बोलले नाही तशी त्यांनी ते देवापुढे नेऊन ठेवलं. दिवसभर मनाला लागून राहिलं. पण आज शोरूमला सांगायला आमच्यासारखे पन्नास होते आणि आज कुणीही एक ओळ खोडली नसती. पोराने फोनवर सांगितलंच, ‘‘मॅडमजी, आज तो सबको यही रेट है.’’

दुसरा प्रश्नही आज सोडवायचा होता. उज्जैनचा व्यापार मेळा. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षं सरकारने तिथे घेतलेल्या गाडीचा आजीवन कर निम्मा केला. ग्वाल्हेरच्या मेळ्यातही तसंच होतं. अट ही की नोंदणी तिथल्याच आरटीओत, म्हणजे उज्जैनचा एमपी-13. आमचे 46,975 वाचतील. कोणत्याही घासाघिशीने एवढे सुटणार नाहीत. मार्चपर्यंत थांबलो तर भाड्याच्या जीपला पाच महिन्यांत अठरा हजार जातील. गणित सरळ सांगतं की थांबा.

मी थांबायचं नाही असं ठरवलं. पुढच्या वर्षीची सवलत अजून जाहीर झालेली नाही, आणि कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात हे दरवर्षी पाहते. त्याहून मोठं कारण आई. गेल्या खेपेला जीप आली नाही तेव्हा त्या दोन तास फाट्यावर दगडावर बसून होत्या. ज्याच्या घरी अशी निकड नाही त्याने मात्र जरूर उज्जैनची वाट पाहावी. शाळेत मी दोघांना तसंच सांगितलं.

शुक्रवार, 31 ऑक्टोबर

महिन्याचा शेवटचा दिवस मुद्दाम धरला. भाऊबीज होऊन आठवडा झाला होता, शोरूममध्ये खुर्च्या रिकाम्या. शोरूमचा विक्रीचा महिनाही आजच संपतो.

मी तीन कागद टेबलावर ओळीने ठेवले. त्यांचं कोटेशन, जळगावचं, आणि विमा शाखेचं 36,400 चं. आवाज चढवला नाही. पोराने मॅनेजरला बोलावलं.

विम्यावर मॅनेजर म्हणाले, बाहेरचा घेतला तर कॅशलेस होणार नाही. मी विचारलं, या विमा कंपनीचा तुमच्या वर्कशॉपशी करार आहे की नाही, एवढं लिहून द्या. आहे, असं निघालं. आरटीओवर मी म्हटलं, जेवढ्याची पावती निघेल तेवढे पैसे, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. यावर त्यांना बोलायला जागा नव्हती. किटमधल्या रबरी मॅट आणि मडफ्लॅप आम्हाला हवेत, त्याचे 2,800. बाकी सीटकव्हर, अत्तर, कोटिंग काढलं.

हॅण्डलिंगला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते म्हणाले, हे सिस्टीममध्येच आहे, काढता येत नाही. मी म्हटलं, मग बिलात या नावाने, जीएसटीसह लिहून पक्की पावती द्या आणि कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहा. ते आत गेले. हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, जाऊ दे, साडेनऊ हजारांसाठी एवढं कशाला. मी मान हलवली. साडेनऊ हजार म्हणजे सव्वा क्विंटलच्या आसपास कापूस. मध्यम धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव 7,710 आहे, तोही सगळ्यांना मिळतो असं नाही. तो वेचायला बायका पहाटे सहाला शेतात जातात आणि पाठ वाकवून संध्याकाळपर्यंत वेचतात. त्यांच्या घामाला मी ‘जाऊ दे’ म्हणणार नाही.

वीस मिनिटांनी मॅनेजर बाहेर आले आणि पेनने ती ओळ खोडली. खोडलेल्या ओळीपुढे सही केली. जळगावइतकी 15,000 ची सूटही दिली.

9,24,500. विमा 36,400. आरटीओ 96,250. मॅट 2,800. फास्टॅग 600. एकूण 10,60,550.

पहिल्या कागदापेक्षा 74,420 कमी. त्यातले 14,500 वॉरंटीचे आहेत, ती मी सध्या घेतलीच नाही, म्हणून ती बचत धरत नाही. खरे सुटले 59,920.

उठता उठता पोराने कर्जाचा कागद पुढे केला. बँकेतून सात लाख मंजूर आहेत, 9 टक्क्यांनी, पाच वर्षं, हप्ता 14,531. तो म्हणाला, आमच्याकडून सात वर्षं घ्या, हप्ता फक्त 11,262. ह्यांना ते पटलं होतं. घरी येऊन मांडलं. पाच वर्षांत व्याज 1,71,851, सात वर्षांत 2,46,038. फरक 74,187. दोन महिने जेवढ्यासाठी खपलो तेवढेच पैसे एका सहीने परत गेले असते. हे बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले, मग म्हणाले, पाचच वर्षं.

रविवार, 9 नोव्हेंबर

नोंदणीच्या आधी गाडी यार्डात पाहिली. ऊन चढायच्या आत गेलो होतो. गाडीवर धूळ, काचेला कागद चिकटलेला. मोबाइलचा दिवा लावून मी चाकाशी उकिडवी बसले. टायरवर लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. चारी चाकांवर 3025, म्हणजे यंदाच्या जुलैचा शेवट. स्टेपनी खाली टांगलेली, तिच्यासाठी आडवं व्हावं लागलं, तीही 3025. फॉर्म 21 वर गाडी बनल्याचा महिना ऑगस्ट. जुळलं. मीटरवर 41 किलोमीटर. चेसिस नंबरवर पोराने कागद ठेवून पेन्सिल घासली आणि एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं. मी ते बिलाशी ताडून पाहिलं. मागच्या दारावर नखाएवढा ओरखडा होता, तो लिहून घेतला. पॉलिश करून देतो म्हणाले.

पोरगा आता माझ्याशीच बोलत होता. म्हणाला, त्याचाही पगार थोडका, किट आणि विमा विकला की त्याला काही मिळतं. मला त्याचा राग कधीच नव्हता. त्याला मी सांगितलं, पुढच्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सगळ्या ओळी नीट समजावून दे, तो दहा जणांना तुझ्याकडे पाठवेल. आम्ही आताच दोघं पाठवतो आहोत.

सोमवार, 17 नोव्हेंबर

कराची पावती आली. 93,950. वहीत डिंकाने चिकटवली.

संध्याकाळी त्या बारेल्यांच्या मुलीचे वडील आले. मोटरसायकल घ्यायची आहे, तिच्यावरही आता 28 चे 18 झाले आहेत. कोटेशन धोतराच्या गाठीत बांधून आणलं होतं, घामाने मऊ पडलेलं. मुलगी शेजारी उभी होती. तिने बोट ठेवून दाखवलं, हॅण्डलिंग 2,200. विचारलं, मॅडम, हे कशाचं?

मी तिला म्हटलं, खाली बस, आधी विम्याची ओळ बघू. दीडशे सीसीपर्यंतच्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी 3,851. ते लिही. आता त्याच्यावरचा कर काढ.

आत आई उद्याच्या दवाखान्याची पिशवी भरत होत्या.