नेरुळहून मिरजेला, कॅमेरा घेऊन

गाण्यासाठी गाव गाठायचं, ही गोष्ट आता नवी मुंबईकरांच्या अंगवळणी पडली आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला गाणी सादर केली. तेव्हा देशभरातून तरुण मुलं आली. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू हा आयरिश बँड इथेच येऊन गेला. माझी कॉलेजात शिकणारी लेक तिकीट काढून आत गेली नाही. ती कॅमेरा घेऊन स्टेशन ते स्टेडियमच्या रस्त्यावर फिरली. घरी आल्यावर म्हणाली, "अम्मी, गर्दी छान आली फोटोत. पण गाणं कुठून येतं ते नाही आलं."

मी म्हटलं, "ते पाहायचं असेल तर मिरजेला जावं लागेल."

आपल्या शहराचा आणि त्या भागाचा धागा तसा जुना आहे. वाशीच्या ज्या नाट्यगृहात आपण कार्यक्रमाला जातो, त्याला नाव आहे विष्णुदास भाव्यांचं. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाचा पाया घालणारे हेच भावे. सांगलीला अगदी लागून मिरज आहे, आणि शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत गायकाच्या मागे जे तंबोरे दिसतात, त्यांचं मोठं माहेर मिरजच.

आम्ही मायलेकी कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून सकाळी मिरजेत उतरलो. थोडा नाश्ता करून थेट सतारमेकर गल्ली गाठली. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. राजांच्या लढाया संपल्या आणि हत्यारांचं काम बसलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन होते, त्यांचा आधार मिळाला. धार लावणारा हात सूर लावू लागला. आपल्या मुलांना ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून ती घरात सांगायला हवी.

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. छताला आणि भिंतीला वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले. हे खायचे भोपळे नव्हेत, कडू जातीचे. पंढरपूरकडच्या भागातले शेतकरी ते मुद्दाम पिकवतात. पाऊस किंवा पूर जास्त झाला की पीक जातं आणि इथलं काम अडतं. भोपळा कापून त्यावर तून लाकडाची तबली आणि दांडी बसवतात. मग कोरीवकाम, पॉलिश, खुंट्या, तारा. शेवटचं आणि सर्वांत नाजूक काम जवारीचं. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानसने इतका हलका घासायचा, की तार छेडल्यावर सूर भरून घुमला पाहिजे. मोजपट्टी इथे उपयोगाची नाही, कानच मोजतो.

लेकीने आधी सलाम केला, बसून चहा घेतला आणि मग विचारलं, "चाचा, फोटो काढू का?"

जवारी लावणारे वयस्कर कारागीर हसले. "काढ की बेटा. पण एक सांग, गायकाचं नाव पत्रिकेवर असतं. तंबोरा कुणी केला, ते कुठं असतं?"

तिने वही काढली आणि प्रत्येक फोटोपुढे कारागिराचं नाव लिहून घेतलं. मग त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. तंबोऱ्याचं काम आता हाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर, नाहीतर मोबाईलच्या अ‍ॅपवर भागतं. मुलांना शिकवावं तर पोट भरेल का, याची खात्री नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे दुसरीकडचा माल मिरजेच्या नावाने विकायला आळा बसेल. "नाव वाचलं," ते म्हणाले, "आता काम वाचायला हवं."

दुपारी हजरत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांच्या दर्ग्यात गेलो. आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावात १८७२ मध्ये जन्मलेले खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या. जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव येतं. १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या प्रवासात तब्येत बिघडून खाँसाहेब एका छोट्या रेल्वे स्टेशनवर उतरले आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. शेवटी त्यांनी नमाज अदा केली आणि सूर लावला, असं सांगितलं जातं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथे संगीतसभा भरते. आणि याच उरुसात मानाचा गलेफ असतो चर्मकार समाजाचा!

आम्ही फातेहा पढलो. इथे लेकीने कॅमेरा बॅगेतच ठेवला. कुणी मना केलं नव्हतं, पण दुआ मागणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये, एवढं तिला कळत होतं. बाहेर आल्यावर तिने फक्त दरवाजाचा एक फोटो घेतला.

संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, आणि ती प्रामाणिक आहेत. पण आपल्याच माणसांनी पिढ्यान् पिढ्या ज्या हुनरावर हलाल रोजी कमावली, त्याची ओळख मुलांना असायला हरकत कसली?

वाचक भगिनींना सांगावंसं वाटतं, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन असा एखादा प्रवास जरूर करा. मिरजेला एक रात्र जाण्याची आणि एक दिवस फिरण्याचा पुरतो. दूर जमत नसेल तर हार्बर लोकलने मुंबईला जाऊन भेंडीबाजार पायी फिरा. तिथेही त्या मोहल्ल्याच्या नावाचं गायकीचं एक घराणं जन्मलं. मुलांच्या हाती फोन असतोच. सोबत एक वही द्या. फोटो परवानगीने काढा, फोटोखाली माणसाचं नाव लिहा आणि जमलं तर एक प्रत त्या माणसाला पाठवा. आमच्या लेकीने सात फोटो छापून मिरजेला टपालाने पाठवले आहेत.