उतारावरचा गिअर

देवासचं आमचं घर एबी रोडपासून फार लांब नाही. हाच रस्ता इंदूर, राऊ, मानपूर करत धार जिल्ह्यात शिरतो आणि गणपती घाटात माळव्याचं पठार सोडून खाली धामनोदकडे, निमाडात उतरतो. ब्रेक फेल झालेला ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळला, आग लागली, अशा बातम्या या घाटातून इतकी वर्षं येत राहिल्या की शेवटी उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता काढावा लागला. माझे बाबा धारला राहतात. मध्य प्रदेशात राज्य परिवहन निगम होतं तोवर त्यांनी निगमची बस चालवली, आणि घाट उतरणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. म्हणून माझ्या मुलाने गेमसाठी स्टिअरिंग, तीन पेडल आणि गिअरचा दांडा घेतला तेव्हा मला पहिल्यांदा बाबाच आठवले.

त्याआधी तो मोबाइलवर ‘ॲस्फाल्ट’ खेळायचा. मीही खेळले आहे आणि मला तो आवडतो. त्यात ब्रेक दाबला की गाडी आडवी घसरते, घसरली की नायट्रो भरतो, आणि नायट्रो सोडला की गाडी उंचवट्यावरून हवेत उडते. कठड्यावर आपटून चुराडा झाला तरी क्षणभरात नवी कोरी गाडी रस्त्यावर हजर. वेगाची मजा कुणालाही, कोणत्याही वयात, काही न शिकता मिळावी ही काही छोटी गोष्ट नाही. पण तिथे ब्रेकचा वेग कमी करण्याशी फारसा संबंध उरत नाही. तो आणखी पळण्यासाठी दाबायचा असतो.

स्टिअरिंग आल्यावर घरात दोन नवे गेम आले. एक इटलीच्या कुनोस कंपनीचा, 2014 सालचा ‘असेट्टो कोर्सा’. दुसरा प्रागच्या एससीएस कंपनीचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’, तो 2012 चा. पहिल्यात मी मोंझाच्या ट्रॅकवर गाडी घातली, आणि लांब सरळ पट्टा संपल्यावर येणाऱ्या वळणाने मला बरंच काही शिकवलं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. टायरची पकड ठरावीकच असते, ती ब्रेक आणि वळण या दोघांत वाटून द्यावी लागते. सगळी ब्रेकलाच दिली तर चाक कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. त्या क्षणी हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं पडतं, कारण आतली मोटर टायरवरचा जोर हातापर्यंत पोचवत असते आणि पकड सुटली की तो जोरही जातो. वर्षानुवर्षं कार चालवूनही ही जाणीव मला इतकी स्वच्छ कधी झाली नव्हती. रस्त्यावर ती होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

बाबा देवासला आले तेव्हा मुलाने त्यांना ट्रकवर बसवलं. मागे ट्रेलर, त्यावर वीसेक टन माल, समोर आल्प्सचा उतार. बाबांनी आधी क्लच तपासला, मग विचारलं, “हवेचं प्रेशर कुठे दिसतं रे?” मुलाने सेटिंगमध्ये जाऊन एअर ब्रेकचा पर्याय चालू केला आणि काटा दाखवला. उतार दिसायला लागायच्या आतच बाबांनी गिअर खाली घेतला.

“आजोबा, अजून उतार आलाच नाही!”

“आल्यावर गिअर पडला नाही तर? न्यूट्रलमध्येच राहशील.” आणि मग त्यांच्या ड्रायव्हरी हिंदीत, “जिस गियर में चढ़े, उसी में उतरो.”

गाडी इंजिनवर धरून, ब्रेकला अधूनमधून नुसता पाय लावत ते खाली आले. नंतर नातवाला नीट समजावलं. भरलेली गाडी उतारावर ब्रेकनेच रोखत राहिलं तर ड्रम तापतो, लायनरची पकड जाते, आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. अनेकदा ब्रेक मोडलेला नसतो, तापून निकामी झालेला असतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे तर तो हमखास तापवतात.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. “हाताला कळतं, पण कमरेला काही कळत नाही.” मागचं चाक सरकतंय, माल एका बाजूला झुकतोय, हे चालकाला सीटमधून आधी समजतं. घरातली खुर्ची जागची हलत नाही. अभियंत्यांचे हलणाऱ्या पायांवर बसवलेले महागडे सिम्युलेटरसुद्धा लांब वळणातला तो सलग रेटा पूर्णपणे देऊ शकत नाहीत.

खरा रेटा मोजायची जागा धार जिल्ह्यातच आहे. पीथमपूरच्या ‘नॅट्रॅक्स’ या वाहन चाचणी केंद्रात 2021 साली 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला. त्याच्या वळणांना असा तिरपा उतार दिला आहे की ताशी 250 किलोमीटरला गाडी स्टिअरिंगवर जोर न लावता वळते. मोबाइलवर बोटाच्या एका दाबाने मिळणाऱ्या वेगासाठी खऱ्या जगात जमीन अशी घडवावी लागते, हे मुलाला त्या ट्रॅकमुळे पटलं. बाबांचा पुढचा प्रश्न मात्र ट्रक किती उतारावर तपासतात हाच होता.

2021 च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांना सिम्युलेटर सक्तीचा केला आहे. त्याचं मी मनापासून स्वागत करते. माझी मागणी एवढीच, की अवजड वाहनाचा परवाना घेणाऱ्याला त्या यंत्रावर शहरातला सिग्नल आणि पार्किंग दाखवून सोडू नये. त्याला गणपती घाट द्यावा, तोच उतार, तेवढाच माल, तापत जाणारे ड्रम आणि पुढे संथ चाललेली वाहनांची रांग. चुकीच्या गिअरमध्ये उतरला तर गाडी थांबू नये. बाबांसारखे घाट उतरलेले चालक धारमध्ये अजून आहेत. तो घाट यंत्रात बरोबर उतरलाय की नाही, हे त्यांना बसवून तपासून घ्यावं.