शिल्लक फक्त खातेदारालाच

राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरीला लागताना एका कागदावर सही करावी लागते. विश्वासाने काम करीन आणि खातेदारांच्या व्यवहारांबद्दल बाहेर ब्र काढणार नाही, अशी ती प्रतिज्ञा. बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. कराडच्या शाखेत काउंटरवर बसून मी जी काही वर्षं काढली, त्यांत या प्रतिज्ञेची परीक्षा परक्यांनी क्वचितच घेतली. घेतली ती खातेदारांच्या घरच्यांनी. "दादांच्या खात्यात किती असतील हो?" असं आडून विचारणारा मुलगा, "ह्यांनी एफडी मोडली का?" म्हणून रडवेली झालेली बायको. उत्तर एकच असायचं. शिल्लक फक्त खातेदाराला सांगता येते, त्यांना घेऊन या. लोक चिडायचे. आम्ही काय परके आहोत का, म्हणायचे. परके नव्हतेच ते, पण खातं त्यांचं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर चिरंजीवांनी मला चांगलासा फोन आणून दिला. तो हिंजवडीत नोकरीला. सुट्टीला आला, पुण्याला परतायच्या घाईत फोन चालू करून दिला. फोनला गूगलचं खातं लागतं, तेव्हा त्याने स्वतःचंच घातलं. "आई, तुझं वेगळं उघडून देईन सवडीने." ती सवड काही आली नाही, आणि माझंही काही अडलं नाही.

फोटो म्हणजे सणावाराला काढायची गोष्ट, अशा काळात मी वाढले. या फोनने माझी ती सवय मोडली. विजेच्या मीटरचं रीडिंग, गॅसच्या पुस्तकावरचा ग्राहक क्रमांक, संपत आलेल्या गोळ्यांची पट्टी, स्टँडवरच्या गाड्यांचं वेळापत्रक, शिंप्याला दाखवायचा मागचा गळा. कागद शोधत बसायला नको म्हणून मी सगळ्याचे फोटो काढू लागले. एकदा फोन धुण्याच्या बादलीत पडला आणि कायमचा गेला. नव्या फोनमध्ये चिरंजीवांनी तेच खातं घातल्यावर सगळे फोटो आपसूक परत आले. "बॅकअप चालू असतो ना," तो म्हणाला. बॅकअप मला नवा नव्हता. शाखेत संगणक आले तेव्हा रोज डे-एंड झाल्यावर टेपवर बॅकअप घ्यायचा आणि एक प्रत दुसऱ्या शाखेत ठेवायची, हे मी स्वतः केलेलं आहे. मला बरंच वाटलं. पोरगं आईच्या कागदपत्रांची काळजी घेतंय.

पुढे माझ्या पाठीवर नागीण उठली. डॉक्टर म्हणाले, आधी फोटो पाठवा. माझ्याकडे पोळ्यांना येतात त्या बाईंनी तो काढून दिला, मी पाठवला, औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा फोन. "आई, नागीण झालीय आणि तुम्ही बोलला नाहीत?" मला वाटलं, शेजारून बातमी गेली असावी. आपली माणसं आहेत, म्हणून सोडून दिलं. पाठ उघडी असलेला फोटो सुनेने पाहिला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग पाटल्यांचं प्रकरण झालं. त्याच पोळ्यांच्या बाईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी भरायची तारीख जवळ, हातात पैसे अपुरे. माझी एफडी मुदतीआधी मोडण्यापेक्षा सोनेतारण बरं, असा हिशेब मी केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे असले हिशेब केलेले, त्यात अवघड काही नव्हतं. सराफाने कस लावला, निव्वळ वजन लिहिलं, पैसे खात्यात आले. पावती कपाटात ठेवली आणि मुदतीची तारीख हाताशी असावी म्हणून तिचा फोटो काढला. रात्री ताटं उचलतेय तोवर चिरंजीवांचा फोन.

"आई, पाटल्या गहाण कशाला ठेवल्यास? पैसे हवे होते तर मला सांगायचं ना."

माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण त्याच्यावर नव्हे. माझ्याच जुन्या शाखेतून कुणीतरी तोंड उघडलं, हे पहिल्यांदा मनात आलं. एकेकीचा, एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोरून गेला. "तुला कोण म्हणालं?" मी विचारलं.

"कोण म्हणणार? फोटो आला की माझ्याकडे."

पैसे कशासाठी घेतले ते मी त्याला सांगितलं नाही. त्या बाईंनी आपली अडचण मला सांगितली होती, माझ्या घरादाराला नव्हे. तो दुखावला, मी घुश्शात, आणि बोलणं तिथेच तुटलं.

आमच्या शेजारी बीसीए शिकणारी मुलगी राहते. तिला बोलावलं. म्हटलं, हे फोटो पुण्याला कोणत्या वाटेने जातात ते मला दाखव. मी आजवर फोनमधली गॅलरीच तेवढी उघडत होते. तिने गूगल फोटोज उघडलं आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवलं. त्या गोलात माझ्या मुलाचा चेहरा होता. "काकू, हे खातं दादाचं आहे. तुमच्या कॅमेऱ्यातले आणि व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वायफाय मिळालं की त्याच्या खात्यात चढतात. तो त्याच्या फोनवर बघतो." व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर आपोआप चढत नसतं, ते वेगळं चालू करावं लागतं. नातीचे फोटो माझ्याकडे येतात तेही जपले जावेत म्हणून त्याने ते केलं असणार. त्यामुळे माझ्या भगिनी मंडळाचे सगळे सुप्रभात त्याच्याकडे साठत होते.

पण गोलाच्या खालीच फोटोंची रांग होती, आणि ते फोटो माझे नव्हते. ऑफिसातल्या फळ्यावरच्या आकृत्या, मॉलमधल्या पार्किंगचा खांब, नातीचं शाळेचं वेळापत्रक. खातं एकच, तेव्हा त्याचंही सगळं माझ्या फोनवर उघडं होतं. मी "बंद कर गं" म्हणेपर्यंत रक्ततपासणीचा एक कागद नजरेखालून गेला. नाव चिरंजीवांचं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, आणि त्याच्यापुढे तो जास्त असल्याची खूण. या गोष्टीचा त्याने मला पत्ता लागू दिला नव्हता. पोरीने फोन उपडा ठेवला आणि दुसरंच काही बोलू लागली. बँकेत असती तर मी तिला लगेच कायम केलं असतं.

बॅकअप बंद करणं ही दोन मिनिटांची गोष्ट निघाली. त्या गोलावर बोट, मग फोटोजच्या सेटिंग्ज, मग बॅकअप, आणि समोरचं पहिलंच बटण. हे बटण ज्या त्या फोनपुरतं असतं. माझ्या फोनवर बंद केलं म्हणून त्याच्या फोनचा बॅकअप थांबत नाही. पोरीने बजावलं ते त्याच्या पुढचं होतं. बटण बंद केल्याने नवे फोटो जायचे थांबतात, गेलेले परत येत नाहीत. अ‍ॅप काढून टाकलं तरी ते क्लाउडवर राहतातच. आणि चढलेला फोटो या अ‍ॅपमधून साधा डिलीट केला, तर तो फोनमधून जातो आणि क्लाउडवरूनही. साठ दिवस बिनमध्ये राहतो, मग कायमचा नाहीसा होतो. फक्त फोनमधली प्रत काढायची तर त्याचा पर्याय वेगळा आहे. माझी डोंबिवलीची बहीण आयफोनवाली. तिच्याकडे आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका यंत्रावर पुसलेला फोटो सगळ्या यंत्रांवरून पुसला जातो आणि परत मिळवायला तीस दिवस मिळतात. म्हणजे प्रत वेगळी ठेवलेली नसते, एकच वही सगळीकडे उघडी असते. आमच्या टेपवरच्या बॅकअपचा नियम याच्या उलट होता. मूळ चुकून पुसलं गेलं तरी प्रतीला धक्का लागता कामा नये.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. गूगल फोटोज २०१५ च्या मे महिन्यात सुरू झालं तेव्हा सोळा मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असा कारभार होता. १ जून २०२१ पासून तो संपला. त्यानंतरचे फोटो पंधरा जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात, आणि ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून असते. ती भरली की मेल यायचे थांबतात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही २०२४ पासून त्याच जागेत धरला जाऊ लागला. चिरंजीव वाढीव जागेचे पैसे भरत होता. म्हणजे माझ्या मीटरच्या रीडिंगचं भाडं तो देत होता.

एक हकीगत वाचून मात्र मी बराच वेळ बसून राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोविडच्या दिवसांत, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आपल्या लहानग्या मुलाच्या सुजलेल्या जागेचे फोटो डॉक्टरांसाठी काढले. ते नर्सनेच मागवले होते. फोन अँड्रॉइड, बॅकअप आपोआप. मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रं हुडकणाऱ्या यंत्रणेने त्या फोटोंवर बोट ठेवलं आणि गूगलने त्याचं खातं बंद केलं. मेल, साठवलेले फोटो, मोबाइलचा नंबरसुद्धा गेला. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा घडलेला नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने हे ऑगस्ट २०२२ मध्ये छापलं. अशी यंत्रणा असू नये असं मी म्हणणार नाही, ती कशासाठी आहे हे कळतं. पण बापाने फोटो दाखवायचा ठरवला होता एका डॉक्टरला. दुसरीकडे तो त्याच्या नकळत गेला. माझ्या पाठीचंही तेच झालं होतं. माझ्या बाबतीत पलीकडे सून होती, हे माझं नशीब.

गणपतीला मंडळी कराडला आली. जेवणं झाल्यावर मी मुलाला ओसरीवर बोलावलं. त्याच्या रिपोर्टबद्दल बोलावं की नाही, यावर मी बरेच दिवस घोळत होते. आपल्या हाती दुसऱ्याचा कागद पडला तर तो वाचू नये, वाचला गेला तर कुणाला सांगू नये. पण ज्याचा आहे त्याला मात्र कळवावं, कारण त्याला माहीत असायला हवं की दार उघडं आहे. म्हटलं, "बॅकअप मी बंद केलाय. आणि तुझा साखरेचा रिपोर्ट माझ्या फोनवर दिसला."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं."

"पाटल्यांचंही तेच होतं."

पुढे मग भांडण व्हायला जागाच उरली नाही. तरी त्याने आपला मुद्दा सोडला नाही. फोन पुन्हा बादलीत पडला तर? मुद्दा बरोबर होता. पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. बँकेतल्या माणसाला हा नियम पटवून द्यावा लागत नाही. चिरंजीवांनी त्या सुट्टीत माझ्या नावाचं खातं उघडून दिलं. माझ्या ओळखीपाळखीच्यांचे नंबरही त्याच्याच खात्यात साठलेले होते, ते आधी हलवले आणि मगच त्याचं खातं माझ्या फोनवरून काढलं. जुने फोटो गूगल टेकआउटमधून उतरवले. गठ्ठ्यांत त्याचे-माझे सरमिसळ आले, कित्येकांवर काढल्याच्या दिवसाऐवजी उतरवल्याची तारीख दिसू लागली. दोघं बसून निवडत होतो. सुप्रभात सगळे गेले. बादलीतल्या फोनमधून वाचलेला, ह्यांचा शेवटच्या वाढदिवसाचा फोटो मात्र सापडला, आणि तो आपोआपच्या बॅकअपमुळेच शिल्लक होता, हे मी त्याच्यापाशी मान्य केलं.

माझ्या खात्यावरही मी आपोआपचं बटण बंदच ठेवलं आहे. रविवारी चहा घेता घेता आठवड्याचे फोटो बघते. मीटर, पट्ट्या, पावत्या यांचं काम झालं की पुसते. ठेवायचे तेवढे निवडून हाताने चढवते, अधूनमधून पेनड्राइव्हवर घेते, आणि एक पेनड्राइव्ह पुण्याला मुलाकडे असतो. त्याला पासवर्ड आहे. याची किंमतही मोजली. मध्यंतरी दुकानात फोन रीसेट करावा लागला आणि भाचीच्या केळवणाचे फोटो त्यात गेले, कारण रविवार उजाडायचा होता. बहिणीकडून मागवले, थोडे मिळाले.

मुलाने पुढची तपासणी केली तेव्हा त्याने फोन करून आकडा सांगितला. पहिल्यापेक्षा कमी होता. मीही फीची गोष्ट त्याला सांगितली, पण आधी त्या बाईंना विचारून. कर्ज मीच फेडते आहे. त्याने अर्धी रक्कम देऊ केली, मी घेतली नाही, त्यानेही ताणलं नाही.

आईवडिलांना फोन घेऊन देणाऱ्या मुलामुलींशी माझं भांडण नाही. कळवळा खरा असतो, घाईही खरी असते. पण आम्ही तिजोरीच्या किल्ल्या सांभाळलेली माणसं आहोत, एक पासवर्ड वहीत लिहून ठेवू शकतो. पुढच्या वेळी घरी गेलात की त्यांचा फोन त्यांच्याच हातात देऊन वरच्या उजव्या कोपऱ्यातला तो गोल उघडायला सांगा. तिथे तुमचं तोंड दिसलं, तर त्या रात्री पुण्याची गाडी पकडण्याआधी खातं बदलून द्या.