ब्राउनश्वाइगमधली इंडिका

ब्राउनश्वाइगचा बाराव्या शतकातला काशाचा सिंह पाहून झाला, पण जर्मनीत मी खरी थक्क झाले ती त्याच गावातल्या डीएसएमझेडमध्ये. १९६९ साली सुरू झालेली ही संस्था जगभरचे जिवाणू जिवंत जपून ठेवते. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडच्या माशीच्या पोटातला जिवाणूही आहे बरं का इथं!" त्याचं नाव इग्नाट्शिनेरिया इंडिका.

ही माशी म्हणजे मांसमाशी; धुळ्या-जळगावच्या मटण बाजारात ती कोणीही पाहिली असेल. राखाडी अंग, पाठीवर तीन काळे पट्टे, लाल डोळे. ती अंडी घालत नाही, थेट जिवंत अळ्याच टाकते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे, मिलिंद पाटोळे आणि सहकाऱ्यांनी अशा माश्यांच्या आतड्यातून इंडिकासह जिवाणूंच्या दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या आणि २०११ मध्ये जगापुढे मांडल्या. कीटकांचे जाणकार हेमंत घाटे त्यांच्यासोबत होते.

दुसऱ्या जातीचं नाव युरेइक्लास्टिका, कारण ती युरिया फोडते. ही चाचणी बघायला फार देखणी असते: पिवळसर माध्यम बघता बघता गडद गुलाबी होतं. पण रंगावर जात ठरत नाही. एका जनुकाची सुमारे दीड हजार अक्षरं जुळवायची, पेशीतली मेदाम्लं तपासायची, सख्ख्या नातेवाइकाच्या डीएनएशी आपला डीएनए किती जुळतो ते मोजायचं. जुळणी सत्तर टक्क्यांच्या खाली आली, तरच वेगळी जात. त्यानंतरही नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवल्याशिवाय नाव अधिकृत होत नाही. म्हणून इंडिका पुण्यातही आहे आणि इथेही.

भाचीने मला तसली एक कुपी दाखवली. काचेच्या नळीत दुसरी नळी, आत कापसाचा बोळा आणि तळाशी चिमूटभर सुकी पूड. उघडताना टोक ज्योतीवर तापवायचं आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडायचे, की काच तडकते. पुडीत पोषक द्रव घातला की वर्षानुवर्षं निपचित पडलेले जिवाणू पुन्हा वाढू लागतात. मी कुपी हातात धरून किती वेळ उभी होते, कोण जाणे.

इग्नाट्शिनेरिया या प्रजातीतला पहिला जिवाणू हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये जनावरांच्या जखमांत वाढणाऱ्या माशीच्या अळ्यांतून ओळखला. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांना अशा जखमा नव्या नाहीत. किडे पडलेल्या जखमेत सीताफळाचा पाला वाटून भरणारे हात आमच्याकडे घरोघरी होते. आणि इंडिका आता परदेशी दवाखान्यांतही ओळखीची झाली आहे: अळ्या पडलेल्या जखमांच्या रुग्णांच्या रक्तात ती सापडली. तिची ओळख आधीच नोंदलेली असल्यामुळे तिथल्या डॉक्टरांना तिचं नाव सांगता येतं. माशीच्या आतड्यात डोकावण्याचं काम किती मोलाचं, ते इथं कळतं.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, माश्या तुमच्या दारातच आहेत आणि नमुने जपणारा संग्रह पुण्यात आहे. एखादी मांसमाशी पकडा, प्राध्यापकांना गाठा आणि कामाला लागा.