घरच्या फोटोचं टपाल तिकीट

अमेरिकेत काही वर्षं आपल्याला हवा तो फोटो देऊन टपालाची तिकिटं छापून घेता येत होती. शोभेची नव्हेत हं, पत्राला लावून पेटीत टाकली की पत्र पोचवणारी. १६ जून २०२० ला तिथल्या टपाल खात्याने ही योजना बंद केली. करोनाच्या त्या धामधुमीत कुणाचं लक्ष जाणार? हळहळ वाटली ती आमच्यासारख्या तिकिटं जमवणाऱ्यांना. आणि आमच्यातलेही निम्मे म्हणाले, बरं झालं, ती खरी तिकिटं नव्हतीच!

हे "खरी नव्हती" प्रकरण जरा समजावून सांगते. (चाळीस वर्षं वर्गात उभी राहिले, समजावून सांगायची खोड जायची नाही.) ही तिकिटं सरकारी छापखान्यात छापली जात नसत. टपाल खात्याने खासगी कंपन्यांना परवानगी दिली होती. स्टॅम्प्स डॉट कॉम या कंपनीने ऑगस्ट २००४ मध्ये 'फोटोस्टॅम्प्स' नावाने सुरुवात केली, मग झॅझल वगैरे इतर आल्या. घरी संगणकावर फोटो चढवायचा, चौकटीचा रंग निवडायचा, पैसे भरायचे. कंपनीत कुणीतरी तो फोटो बघून पास करणार, आणि काही दिवसांनी वीस तिकिटांचा ताव घरी येणार. फोटोशेजारी काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन असे, तिकिटाचं मोल त्यात. म्हणजे जात म्हणाल तर बँकेच्या पाकिटावर यंत्राने छाप मारतात त्यातली, फक्त कपडे तिकिटाचे. किंमतही दुपटीहून जास्त. साधं तिकीट ३७ सेंटांना मिळत असताना लोक हौसेने हे घेत होते.

मी पहिल्यांदा पाहिलं ते २००६ मध्ये. न्यू जर्सीच्या भाचीने मुलाच्या बारशाचं आमंत्रण शिकागोच्या चुलत नणंदेला पाठवलं होतं. ती पुण्याला आली तेव्हा माझा छंद माहीत असल्यामुळे पाकीट आठवणीने घेऊन आली. तिकिटावर टोपडं घातलेलं बाळ, आणि त्याच्या अर्ध्या तोंडावर शिक्क्याच्या काळ्या रेघा. आई तेव्हा होती. भिंग लावून तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पोराच्या तोंडाला काळं कशाला फासलंय?" मी म्हटलं, शिक्का मारल्याशिवाय तिकीट वापरलं असं कसं कळणार? तिला पटलं नाही. तिने अंगठ्याने रेघा पुसून बघितल्या.

मला मात्र ते पाकीट अल्बमात कुठे लावायचं हा प्रश्न पडला. टपाल तिकिटावर येणं ही काही साधी गोष्ट नाही. राजेराण्या सोडल्या तर बहुतेक देशांत माणूस गेल्यावरच तिकिटावर येतो. आपल्याकडे हयातीत तिकिटावर आलेले पहिले भारतीय म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, १९५८ साली, आणि त्यासाठी त्यांना शंभर वर्षं पुरी करावी लागली. अमेरिकेच्या टपाल खात्याचाही रिवाज हयात माणसाला तिकिटावर न आणण्याचाच. आणि आमचे चिरंजीव बाराव्या दिवशी तिकिटावर! शेवटी पाकीट कर्व्यांच्या समोरच्या पानावर लावलं. जाणकारांनी नाकं मुरडली तर मुरडोत.

पण कुणाचाही फोटो चालेल म्हटलं की कुणाचाही येतो. सुरू झाल्यावर महिन्याभरातच 'द स्मोकिंग गन' या संकेतस्थळाच्या लोकांनी गंमत म्हणून काही फोटो पाठवले. त्यात टेड कझिन्स्की होता. हा गणिताचा माजी प्राध्यापक १९७८ ते १९९५ पर्यंत बॉम्ब पाठवत होता, त्यातले कितीतरी चक्क टपालाने. तीन माणसं गेली, तेवीस जखमी झाली. त्याचं तिकीट पास होऊन छापून आलं! मिलोसेविचचंही आलं. चाचणी आटोपल्यावर मे २००५ मध्ये जास्त कडक नियम लावून पुन्हा काम सुरू केलं.

आपण हसायचं कारण नाही. आपल्या डाक खात्याची 'माय स्टॅम्प' योजना २००० साली कोलकात्याच्या प्रदर्शनात आली आणि २०११ पासून पुन्हा जोरात सुरू झाली. बारा तिकिटांचा ताव, तीनशे रुपये. आपल्याकडे फोटो मूळ तिकिटावर नसतो, त्याला जोडलेल्या कोऱ्या भागावर असतो, ही मला शहाणपणाची युक्ती वाटते. तरी डिसेंबर २०२० मध्ये कानपूरच्या मुख्य टपाल कार्यालयातून छोटा राजन आणि मुन्ना बजरंगी यांची तिकिटं बाहेर पडलीच. खिडकीवरच्या माणसाने चेहरे ओळखले नाहीत. असो.

मग अमेरिकेत नियम वाढत गेले. २०१८ च्या नियमांनी राजकीय चित्र बंद, धार्मिक बंद, दारू-तंबाखू-जुगार-शस्त्रं सगळं बंद. फक्त व्यापारी आणि घरगुती प्रसंगाचं चालेल. म्हणजे बघा, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मुंडावळ्या बांधलेला नवरा चालेल, पण ज्याचं नाव घेऊन पत्रिका सुरू होते तो गणपती चालणार नाही. दुकानाची जाहिरात मात्र खुशाल करा! आणि हे त्याच खात्यात, ज्याने २०१६ मध्ये स्वतः दिवाळीचं सुंदर पणतीचं तिकीट काढलं होतं.

एका चित्रकाराचा खटला आधीपासून चालू होता. निवडणुकीतल्या पैशाच्या खेळावर त्याने व्यंगचित्र काढलं होतं, अंकल सॅमचा गळा आवळणारा डॉलरच्या आकाराचा साप. ते तिकिटावर छापायला नकार मिळाला. त्याचं म्हणणं, पूर्वी इतरांची राजकीय तिकिटं छापलीत, ती अजून पत्रांवर चालतात, मग माझंच का नाही? जून २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या वरच्या कोर्टाने त्याची बाजू मान्य केली. त्याच महिन्यात योजनाच संपली. कोर्टामुळेच संपली असं मी म्हणणार नाही. मुळात पत्रंच कमी झाली होती. पण मला वाटतं, हे छाप आणि ते छापू नको हे ठरवत बसण्याचा कुठल्याही टपाल खात्याला कंटाळाच यावा.

आता खरं सांगायचं ते.

माझी ताई, म्हणजे त्याच भाचीची आई, २०१९ च्या दिवाळीनंतर न्यू जर्सीत गेली. ताई पत्रं लिहिणारी. फोन स्वस्त झाल्यावरही तिने लिहिणं सोडलं नाही. भाचीने ताईच्या फोटोची वीस तिकिटं छापून घेतली, ५५ सेंटांची, आणि भेटायला येऊन गेलेल्यांना ती लावून आभाराची पत्रं पाठवली. बारा गेली. वर्षश्राद्धाच्या वेळी आणखी एक ताव मागवू असा विचार होता, तोवर दुकान बंद. छापलेली तिकिटं पुढेही चालतील असं खात्याने सांगितलं होतं, त्यामुळे उरलेली आठ आजही चालतात. पण त्यांच्यावर रक्कम ठरलेली आहे. जुलै २०२५ पासून साध्या पत्राचा दर ७८ सेंट झाला. म्हणजे ताईच्या शेजारी आणखी २३ सेंटांची तिकिटं चिकटवावी लागणार. भाची म्हणते, मावशी, आई कमी पडते असं वाटतं गं, लावायला हात होत नाही.

मी तिला सांगितलंय, लाव. तिकिटं ड्रॉवरमध्ये ठेवायला छापली नव्हतीस. शेजारी फुलाचं एखादं तिकीट लाव, ताईला बागेची आवड होतीच. तेव्हा अमेरिकेतल्या मंडळींपैकी कुणाला हे पत्र आलंच, तर कृपा करून तिकीट कापून काढू नका, पाण्यात भिजवून तर मुळीच नको. शिक्का आणि पत्त्यासकट अख्खं पाकीट ठेवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर माझ्याकडे पाठवा. कर्व्यांच्या समोर, बाळाच्या खाली, जागा सोडून ठेवली आहे.